भोंग्याचे बारा, सावलीचे बारा

विजयमालेनं कॉलेजात भूगोल घेतला तेव्हा तिचा बाप कुंडलिक एवढंच म्हणाला, "डोंगर-नद्या शिकून करनार काय गं? आपल्याकडं डोंगर बी न्हाय आन् नदी बी न्हाय." तो रेल्वेत गँगमन होता. रूळ आणि खडी यांपलीकडच्या जमिनीशी त्याचा संबंध आला नव्हता. मग त्यानं सायकलच्या हँडलला डबा अडकवला आणि तो कामावर गेला. परवानगी म्हणतात ती एवढीच.

वस्ती सोलापूरहून होटगीकडं जाताना रुळांना चिकटून होती. बारा-पंधरा घरं, चार कडुनिंब आणि एक पायऱ्यांची विहीर. वाऱ्याची दिशा बरी असली की शहरातल्या गिरणीचा भोंगा तिथवर ऐकू येई. वस्तीचा दिवस त्या भोंग्यावर आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांवर चाले. घड्याळ साऱ्या वस्तीत एकच, विजयमालेच्या मनगटावर. मॅट्रिक झाली तेव्हा मामानं दिलेलं. ती सकाळच्या शटलनं कॉलेजला जाई आणि अकराच्या शटलनं परत येई. पाऊण वाजायच्या आत तिची भाकरी खाऊन झालेली असे.

घरात ती, आई अनसूया आणि बाप. दोन वर्षांपूर्वी चौथं माणूस होतं. शकुंतला, विजयमालेची थोरली बहीण. सांगोल्याकडं दिली होती. सासूशी पटेना म्हणून माहेरी आली आणि आठ महिने राहिली. चौऱ्याहत्तर सालच्या एप्रिलात, पंधरा तारखेला, दुपारचं पाणी आणायला गेली आणि विहिरीत गेली. पाणी छातीएवढं होतं. पोलीस पाटलानं बायकांना विचारून पंचनामा केला: दुपारी साडेबाराच्या सुमारास पाण्यात उडी घेतल्याने मयत.

उडी घेतल्याने. हा शब्द त्या घरात तेव्हापासून राहायला आला.

पंचनाम्यात नव्हतं ते दोघींनाच ठाऊक होतं. त्या दिवशी सकाळी चुलीपुढं अनसूया थोरलीला म्हणाली होती, "सासरी तरी जा, न्हायतर हीर तरी जवळ कर." चुलीत फुंकर मारता मारता बोलली होती. धुरानं डोळे चुरचुरत होते, त्यात तोंडातून गेलं. दारात वेणी घालत बसलेल्या विजयमालेनं ते ऐकलं. आईनं नंतर ते वाक्य कुणाला सांगितलं नाही आणि विजयमालेनंही नाही. पण जेवताना, निवडताना, झोपताना त्या दोघींच्या मधे ते वाक्य बसलेलं असायचं.

भूगोलाच्या खोलीत नकाशाचं प्रक्षेपण शिकवायला देगावकर सरांनी एक दिवस खिडक्या लावून घेतल्या. टेबलावर तारेचा पृथ्वीगोल, अक्षांश-रेखांशांच्या नुसत्या कड्या. आत त्यांनी बल्ब लावला आणि एका बाजूनं पांढरा कागद गुंडाळून धरला. तारांच्या काळ्या सावल्या कागदावर पडल्या. भिंतीवर, छतावर, पोरींच्या तोंडावर रेघा आल्या. कुणी हललं नाही.

"खरी पृथ्वी कागदावर येत नाही," सर म्हणाले. "तिची सावली येते. आणि सावली कुठंतरी खोटं बोलतेच. हा ध्रुव बघा. खरा म्हटला तर एक टिंब. पण जगाच्या चौकोनी नकाशात त्याची अख्खी रेघ होते. जेवढं विषुववृत्त लांब, तेवढं ते टिंब लांब."

विजयमालेनं वहीत लिहून घेतलं. टिंब ताणून रेघ होते हे तिला नवं नव्हतं. तिच्या घरातली एक दुपार दोन वर्षं तशीच ताणत चालली होती.

खिडक्या उघडल्यावर सरांनी वेळेचा धडा घेतला. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं. साऱ्या देशाचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं. सोलापूर त्याच्या पश्चिमेला, साडेसहा अंशांहून थोडं जास्त.

"म्हणजे मनगटावर बारा वाजतात, तेव्हा सोलापूरच्या सूर्याला डोक्यावर यायला अजून सव्वीस मिनिटं असतात."

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "मग सर, सोलापूरचे बारा गेले कुठं?"

"जातात कुठं? आहेत तिथंच आहेत. फक्त त्यांना आता कुणी बारा म्हणत नाही."

पोरी हसल्या. विजयमालेच्या हातातली पेन्सिल मात्र कागदावर टेकली ती टेकलीच राहिली. बारा सव्वीस. विहिरीवर त्या वेळी काय चाललेलं असतं, ते तिला कुणी सांगायला नको होतं.

त्यासाठी विहिरीची रीत सांगायला हवी. विहिरीच्या काठाला शेंदूर लावलेले सात गोटे होते. त्या आसरा, पाण्यातल्या सात बहिणी. भर दुपारी बारा वाजता त्या पाण्यावर येतात, केस मोकळे सोडतात, आणि त्या वेळी पायरी उतरणारी बाई त्यांना आपली वाटते, असं वस्ती मानत आली होती. सकाळी उपसलेली विहीर झऱ्यानं भरायला दुपार होई, म्हणून बायका घागरी घेऊन साडेअकरालाच काठावर येऊन बसत. भोंगा झाला की वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बजाबाई हात आडवा करी. "थांबा गं. बायांची येळ हाय." मग ती चंची सोडी. पान लावी, कात, चुना, सुपारी, सगळं सावकाश. पान रंगून थुंकून झालं की म्हणे, "चला, गेल्या बाया." मग सगळ्या उतरत. बजाबाईचं पान वीस-पंचवीस मिनिटं पुरायचं.

शकुंतला उतरली ती पान थुंकल्यावर, सगळ्यांच्या आधी एकटीच उतरली होती; ती पाण्यात कशी गेली हे कुणी पाहिलं नव्हतं. बायांची वेळ टळून गेली होती. म्हणून बायांनी नेली असं कुणाला म्हणता येईना. आणि बायांनी नेली नाही, तर मग तिची तीच गेली. पंचनाम्यातला तो शब्द असा बजाबाईच्या पानातून आला होता.

सरांनी प्रत्येकीला काठी रोवून सावली मोजायला सांगितली. सर्वांत आखूड सावली ती खरी दुपार. एक सप्टेंबरला विजयमालेनं स्टेशनवरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवून घेतलं आणि घरी येऊन विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत हातभर काठी रोवली.

"काय लावतीयास गं, शेवगा?" बजाबाई काठावरून ओरडली.

"सावली मोजायचीय, आज्जे. कॉलेजचं काम."

"आता सावली बी मोजून देत्यात व्हय सरकार? रेशनवर?" बायका खिदळल्या.

भोंगा झाला. बजाबाईनं हात आडवा केला आणि चंची सोडली. विजयमालेनं सावलीच्या टोकाला खडा ठेवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज्जे, भोंगा नव्हता तवा बारा कसं कळायचं?"

"माझी सासू पाय बघायची. सावली पायात आली की बारा. पायाभाईर दिसली की अजून व्हायचेत न्हायतर गेले."

"मग ते का सोडलं?"

"भोंगा आला की! सारखं पायाकडं बघत कोन बसतंय? भोंगा काय खोटं बोलतुया व्हय?"

सव्वाबारा झाले. सावली अजून आखडत होती. विजयमाला खड्यामागून खडा आत सरकवत होती. बारा वीस. बजाबाईचे ओठ लाल झाले होते. निंबावर कावळे होते ते गप्प झाले, निदान विजयमालेला तसं वाटलं. बारा चोवीस. बारा पंचवीस. सावली काठीच्या बुडाशी आली आणि तिथं थांबली.

बजाबाई वाकून थुंकली. "चला, गेल्या बाया."

घड्याळात बारा सव्वीस झाले होते. बायका एकीमागं एक उठल्या, कमरेवर घागरी घेतल्या आणि पायऱ्या उतरू लागल्या. विजयमालेनं त्यांच्या पायांकडं पाहिलं. कुणाचीच सावली पायाबाहेर नव्हती. वेळ चुकवायला म्हणून त्या थांबत होत्या आणि थांबून थांबून नेमक्या त्या वेळेवर जात होत्या. रोज. गिरणी आली तेव्हापासून. पाण्याजवळ पोचलेल्या बाईचा आवाज खालून वर आला, "पानी आज गार हाय गं," आणि त्या आवाजामागून दुसरा, तसाच, विहिरीच्या भिंतीतून आला. तो घुमून येतो हे विजयमालेला माहीत होतं. तरी तिनं मान वळवली.

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या टेबलाशी गेली. "सर, पंधरा एप्रिलला किती येईल?"

"पंधरा एप्रिलच का?"

सरांनी कपाटातून तक्ता काढला. म्हणाले, सूर्य काही घड्याळासारखा एका चालीनं चालत नाही. कधी पुढं असतो, कधी मागं, पाव तासापर्यंत. वर्षात चारच दिवस दोघांचा मेळ बसतो. त्यांनी बोट फिरवलं. "एप्रिलच्या मध्यावर एक, जूनच्या मध्यावर एक, एक सप्टेंबर आणि नाताळ. पंधरा एप्रिल म्हणजे फरक नाहीच. बारा सव्वीस." मग तिच्या नोंदींकडं पाहून ते खूश झाले. "नोंद चांगली घेतेस. दिवाळीपर्यंत रोज घे. आता सूर्य घड्याळाच्या पुढं पळायला लागेल, तुला दिसेल. ढग असले तर नुसतं 'ढग' लिही. मनानं आकडा टाकायचा नाही."

त्या दिवशी घरी येताना शटलमध्ये ती दारातच उभी राहिली. आसरा तिला खऱ्या वाटत नव्हत्या. पाण्यात सात बहिणी असतात असं भूगोलाच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पण आईला त्या खऱ्या होत्या. आईच्या हिशेबानं बाया येऊन गेल्यावर शकुंतला उतरली होती, म्हणून आईचं वाक्य तिच्या जिवावर उठलं होतं. हिशेब सव्वीस मिनिटांनी चुकला होता. एवढं सांगितलं की आई सुटत होती.

अनसूया ज्वारी निवडत होती. विजयमाला सुपाशेजारी बसली.

"आये, ताई गेली तवा बारा वाजले व्हते."

अनसूयेनं मान वर केली नाही. "भोंगा कवाच झाला व्हता."

"भोंगा आपला न्हाय. भोंगा साऱ्या देशाचा हाय. सूर्य आपल्या डोक्यावर यायला त्याच्या फुडं सव्वीस मिन्टं लागत्यात. मी काठी लावून बघितलं. सरांनी त्या तारखेचं काडून दिलं. ताई उतरली तवाच बारा व्हते. पायात सावलीचे."

अनसूयेची सुपातली बोटं थांबली. मग म्हणाली, "म्हंजी बाया तितंच व्हत्या."

"व्हय."

"म्हंजी माझ्या बोलन्यानं..."

"न्हाय, आये."

अनसूया रडेल असं विजयमालेला वाटलं होतं. ती रडली नाही. तिनं सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि हळूच विचारलं, "मग अजून तितंच आसंल की ती. त्यांच्यात."

हे विजयमालेनं मोजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बायका पाणी भरून गेल्यावर अनसूया विहिरीवर दिसली. दोन वर्षांत ती त्या बाजूला फिरकली नव्हती, पाणी विजयमालाच आणायची. तिसऱ्या दिवशी ती बायकांच्या आधी गेली आणि बजाबाईनं हात आडवा केला तरी खाली जाऊन बसली. "अगं अनसूया, येडी का खुळी तू? बायांची येळ हाय!" बजाबाई ओरडली. अनसूया खालून म्हणाली, "अजून व्हायचीय." बायका एकमेकींकडं बघत राहिल्या.

मग रोजचंच झालं. विजयमाला घरी आली की अनसूया विचारी, "आज किती वाजता?" तोंडावर उजेड असायचा. नवी साडी नेसून पाहुण्याची वाट बघणाऱ्या बाईसारखा. परत आली की म्हणायची, "पानी हाललं आज. वारं न्हवतं तरी." एकदा म्हणाली, "आज एक पायरी खाली बसले. वरून ऐकू येत न्हाय."

एक पायरी खाली. परतीचा पाऊस सुरू झाला होता, विहीर दर आठवड्याला दोन-दोन पायऱ्या गिळत वर येत होती. बापाला सांगितलं तर तो म्हणाला, "बसती तर बसू दे. दोन वर्सांनी तोंड उघडलंय तिनं." तेही खरंच होतं.

तेव्हा विजयमालेनं खोटं बोलायला सुरुवात केली. सूर्य रोज थोडा थोडा लवकर डोक्यावर येत होता. बारा चोवीस, बारा बावीस, बारा एकोणीस. काठी तेच सांगत होती आणि वहीत ती तेच लिहीत होती. आईला मात्र ती उलटं सांगू लागली. बारा तीस. बारा पस्तीस. दसरा झाला तेव्हा बारा चाळीस. आई जाईल तेव्हा वेळ टळून गेलेली असावी, एवढीच तिची धडपड. ज्या बायांवर आपला विश्वास नाही त्यांच्यापासून आपण आईला लपवून का ठेवतो आहोत, असा प्रश्न तिला पडायचा. उत्तर द्यायला ती थांबत नसे.

आणि अनसूयेचं तोंड उतरत गेलं. परत आली की पाणी हाललं असं म्हणेना. काहीच म्हणेना.

आठ ऑक्टोबरला सकाळपासून आभाळ भरून होतं. नुसता राखी उजेड, कशालाच सावली नाही. शटल होटगीच्या अलीकडं सिग्नलला थांबून राहिली. विजयमाला घरी पोचली तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. चूल विझलेली, दार नुसतं ओढलेलं. आई नव्हती.

ती विहिरीकडं पळाली. पावसाच्या भीतीनं बायका आधीच पाणी नेऊन घरी गेल्या होत्या. काठावर कुणी नव्हतं. खाली पाण्याला लागून असलेल्या पायरीवर अनसूया बसली होती. घोट्यापर्यंत पाय पाण्यात. उजवा तळवा तिनं पाण्यावर ठेवला होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"आये!"

अनसूयेनं न बघता डावा हात वर केला. थांब. विजयमाला तिसऱ्या पायरीवर थांबली. पाणी काळं, सपाट. पाऊस अजून सुरू नव्हता. तिनं घड्याळ बघितलं. बारा चौदा.

काही वेळानं अनसूयेनं हात पाण्यावरून उचलला.

"आये, येळ झाली न्हाय अजून. चाळीसला म्हनले व्हते की."

"चाळीसला हितं कोन नसतंय." अनसूया शांत होती. "किती दीस झाले, मी रिकाम्या पान्याफुडं बसून येती. खोटं का सांगत व्हतीस गं?"

"तू जाशील म्हनून."

"मी कुटं जाईन? तुला कोन भाकरी करून घालंल?" अनसूया उठली. गुडघ्यावर हात ठेवून, म्हातारीसारखी. "मला एकच ईचारायचं व्हतं तिला. माझ्या बोलन्यानं गेलीस का म्हनून. ईचारलं."

"मग?"

"न्हाय म्हनली. पाय घसरला म्हनली. मग बायांनी हात धरला." अनसूयेनं ओल्या हातानं विजयमालेचा खांदा धरला आणि एक पायरी वर चढली. "आता न्हाय यायची मी हितं. तिला बी सांगितलं, आता जा म्हनून."

दोघी वर आल्या. वर आल्यावर विजयमालेनं आभाळाकडं पाहिलं. सूर्य कुठं आहे तेसुद्धा कळत नव्हतं.

"आये, आजची येळ तुला कुनी सांगितली?"

अनसूया पदर पिळत होती. "सकाळी चुलीफुडं बसले व्हते. कोनतरी म्हनलं, चौदाला ये. मला वाटलं तूच म्हनलीस, दारातनं."

सकाळी सहालाच विजयमाला शटलला गेली होती.

त्यानंतर अनसूया खरंच विहिरीवर गेली नाही. त्या संध्याकाळी ती बजाबाईच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली आणि चार बायकांसमोर म्हणाली, "माझ्या शकूनं उडी घेतली न्हाय. पाय घसरला तिचा. सांगून ठिवते. फुडं कुनी दुसरं म्हनायचं न्हाय." बजाबाईनं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात घातलं आणि मान डोलावली. पंचनामा कागदावर होता तसाच राहिला, पण वस्तीच्या तोंडून तो शब्द गेला.

दिवाळीच्या सुट्टीआधी देगावकर सरांनी वह्या तपासल्या. विजयमालेच्या वहीतले आकडे ते तक्त्याशी ताडून बघत खाली येत होते आणि एकेका आकड्यावर लाल टिंब देत होते. आठ ऑक्टोबरपाशी त्यांचा हात थांबला.

"त्या दिवशी ढग होते. मी स्वतः छत्री घेऊन आलो होतो. मग ही बारा चौदा कुठून आणलीस?"

"घरी कुणीतरी सांगितली, सर."

"कुणी?"

सरांनी तक्त्यात बघितलं. पुन्हा एकदा बघितलं. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा बघितलं. मग त्या आकड्यावर त्यांनी लाल टिंब दिलं नाही आणि खोडलाही नाही. वही मिटून तिच्याकडं सरकवली.

"मिनिटाला मिनिट बरोबर आहे," ते म्हणाले. "पण परत असं कुणाला विचारून लिहू नकोस."

"नाही, सर," विजयमाला म्हणाली. "आता नाही विचारत."